बर्फ दाखवलात, आता थोडी माती दाखवा

प्रति,
काश्मीरच्या सहली काढणाऱ्या महाराष्ट्रातल्या तमाम पर्यटन संस्थांचे चालक आणि त्यांचे टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याचा. तेहतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर दोनदा काश्मीर पाहिलं. पहिल्यांदा तुमच्यातल्याच एका संस्थेबरोबर, दुसऱ्यांदा मी आणि सौ., दोघंच. हे पत्र त्या पहिल्या खेपेबद्दल आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण चार मित्रांना विचारलं तर चौघांच्या चार संस्था आणि चौघांचा अनुभव एकच.

श्रीनगरहून पहलगामला निघालो. लेथपोऱ्याला सुक्या मेव्याच्या दुकानापाशी बस एक तास वीस मिनिटं थांबली. शिक्षकाची खोड, मी घड्याळ लावलं होतं. कहवा फुकट होता, अक्रोड चाखायला होते, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती. पुढे संगमला बॅटींच्या कारखान्यापाशी चाळीस मिनिटं. नातवासाठी बॅट मीही घेतली. या दोन थांब्यांच्या मधे अवंतीपूर लागलं. तिथे बस फक्त हळू झाली आणि माइकवरून आवाज आला, "जुनं देऊळ आहे बघा, पांडवकालीन. फोटो खिडकीतून काढा, जेवायला उशीर होतोय."

पांडवकालीन! अहो, ज्या राजानं ते बांधलं त्याचं नाव गावाच्या नावातच आहे. अवंतिवर्मा, इसवी सन ८५५ ते ८८३. आपल्याकडे डोंगरात कोरलेलं काही दिसलं की पांडवांच्या नावावर टाकायची सवय आहे, नाशिकची लेणीही त्यातून सुटली नाहीत. पण घरटी पन्नास-साठ हजार रुपये मोजून आलेल्या माणसांना निदान शतक तरी बरोबर सांगा.

ही तक्रार झाली. मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही काश्मीर विकता ते देखावा म्हणून: बर्फ, शिकारा, ट्यूलिप, घोडा. त्याला माझी ना नाही, मीही घोड्यावर बसलो. पण हे खोरं म्हणजे एका आटलेल्या सरोवराचा तळ आहे, आणि तिथे पाच हजार वर्षांत जे जे घडलं ते त्या तळाच्या मातीमुळे घडलं. ती माती तुमच्या बसच्या दोन्ही बाजूंना दिसत असते. तिच्याबद्दल आठ दिवसांत एक वाक्य आमच्या कानावर पडलं नाही.

श्रीनगरच्या विमानतळापासून सुरुवात करा. विमानातून उतरल्यावर पर्यटक पहिलं पाऊल ठेवतो ते करेवावर. करेवा म्हणजे खोऱ्याच्या कडेनं उभी असलेली सपाट माथ्याची मातीची पठारं, काश्मिरी लोक त्यांना वुडर म्हणतात. सातारकराला समजावायचं तर पाचगणीचं टेबललँड डोळ्यांसमोर आणावं. तसाच सपाट माथा, तशाच तुटक कडा. मात्र पाचगणीला वर जांभा आणि खाली काळा पाषाण, पहार आपटली तरी दाद देत नाही. करेवाच्या कड्यात मी खोलीची किल्ली खुपसली तर ती मुठीपर्यंत आत गेली. ही सगळी गाळाची, बारीक रेतीची आणि वाऱ्यानं आणून टाकलेल्या धुळीची थरावर थर चढलेली माती आहे.

विमानतळ ज्या करेवावर आहे त्याचं नाव दामोदर करेवा. कल्हणानं ११४८-४९ साली लिहिलेल्या राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या इतिहासात, याची गोष्ट आहे. दामोदर राजानं या उंच पठारावर नगर वसवलं आणि तिथे पाणी यावं म्हणून लांबलचक बांध घातला. पुढे भुकेल्या ब्राह्मणांच्या शापानं तो साप झाला, आणि तहानेनं त्याच पठारावर भटकताना लोकांना दिसतो म्हणे. शाप बाजूला ठेवा, पण भूगोल चोख आहे. करेवावर पाणी ठरत नाही, नद्या खाली दरीत आणि माथा कोरडा. तहानलेल्या सापाची कथा अशाच जमिनीवर जन्माला येते. बॅगा येईपर्यंत बेल्टपाशी वीस मिनिटं जातात. तेवढ्यात हे सांगून होतं.

आता सरोवर. साधारण चाळीस लाख वर्षांपूर्वी दक्षिणेकडे पीर पंजालची रांग उंच व्हायला लागली आणि नद्यांची वाट अडली. मागे मोठा हिमालय, पुढे पीर पंजाल, मधे सुमारे १३५ किलोमीटर लांबीची परात. त्या परातीत पाणी साचलं, गाळ बसत राहिला, हजार मीटरहून जास्त जाडीचा. डोंगर उठतच होता, त्यामुळे गाळाचे खालचे थर पीर पंजालच्या बाजूला तिरके होऊन वर उचलले गेले. गोड्या पाण्यातले शिंपले आणि माशांचे अवशेष आज कोरड्या उंच उतारांवर सापडतात ते यामुळे. शेवटी बारामुल्लापाशी डोंगर चिरून झेलम बाहेर पडली आणि परात रिकामी झाली. उरलासुरला तळ म्हणजे करेवा, आणि त्यांच्या मधून वाहणारी झेलम, तिकडची व्यथ, आपल्या ग्रंथांतली वितस्ता.

काश्मीरचं जुनं नीलमतपुराण हेच सांगतं, फक्त पात्रं बदलून. आधी सतीसर नावाचं अफाट सरोवर, त्यात जलोद्भव राक्षस, पाण्यात असेपर्यंत त्याला मरण नाही. कश्यपानं देवांना साकडं घातलं, अनंतानं नांगरानं डोंगर फोडला, पाणी गेलं, राक्षस उघडा पडला. आपल्या कोकणात परशुरामानं बाण मारून समुद्र हटवला, त्याचीच ही डोंगराळ चुलत बहीण. आता लगेच माइकवरून "आपल्या ऋषींना भूगर्भशास्त्र ठाऊक होतं" असं मात्र सांगू नका, ही विनंती. शेवटचं पाणी ओसरलं तेव्हा पुराण रचणारं तिथे कुणी नव्हतं. मला वाटतं, नांगर धरणाऱ्या माणसांनी उंचावर शिंपले पाहिले, जमिनीतले सरळ आडवे थर पाहिले आणि अंदाज बांधला. पाहून अंदाज बांधणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते जमत नसे.

पांपोरच्या केशरमळ्यांपाशी तुम्ही बस थांबवता. मे महिन्यात. आमच्या गटातल्या एका काकू "केशर कुठंय?" म्हणून उघड्या रानाकडे बघत राहिल्या. केशराचं फूल ऑक्टोबरच्या शेवटी येतं, हे मुंबईतच सांगितलं असतं तर त्यांचा हिरमोड टळला असता. कंद कुजू नये म्हणून निचऱ्याची जमीन लागते, ती करेवा देतो, म्हणून केशर इथे. आणि त्याच पांपोरजवळ गलंदर इथे २००० साली करेवाच्या मातीत एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली. आजच्या हत्तीपेक्षा कितीतरी मोठा, आता नामशेष झालेला प्राणी. हाडांबरोबर ८७ दगडी हत्यारं मिळाली. २०२४ मध्ये त्यावरचे शोधनिबंध आले. काळ तीन ते चार लाख वर्षांपूर्वीचा, आणि हाडं फोडून आतला मगज काढल्याच्या खुणा त्यावर आहेत. म्हणजे तुम्ही जिथे आम्हाला बदाम चाखवता, त्याच पट्ट्यात कुणीतरी हत्तीची नळी फोडून खाल्ली होती. हे ऐकल्यावर बसमधली झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतील, लिहून देतो.

आता ज्या जागेसाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं तिथे येतो: बुर्झहोम.

तुम्ही सगळे निशात आणि शालीमार बाग दाखवता. शालीमारपासून बुर्झहोम गाडीनं फार तर पंधरा-वीस मिनिटं. दल सरोवराच्या मागे, झबरवान डोंगराच्या पायथ्याचा एक करेवा. बुर्झ म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या ते झाड. १९३० च्या दशकात दे तेरा आणि पॅटरसन या परदेशी अभ्यासकांनी इथे पहिला चर घेतला आणि १९६० पासून दशकभर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं टी. एन. खजांची यांच्या देखरेखीखाली उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे ३००० पासून इथे माणसं राहत होती. राहत कुठे? जमिनीखाली. करेवाच्या मऊ मातीत दगडी हत्यारांनी खड्डे खणलेले, तोंड अरुंद आणि तळ रुंद, आपल्या जुन्या पेवासारखे. सर्वांत मोठा जवळजवळ चार मीटर खोल, वर पावणेतीन मीटर व्यासाचा तर तळाशी साडेचार मीटरचा. भिंतींना मातीचा गिलावा, काहींत उतरायला पायऱ्या, तळाशी राख आणि कोळसा. तोंडाभोवती खांबांचे खळगे, वर भूर्जाचं छप्पर असावं.

बसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, मुलखात हे जमलं नसतं. किल्ली मुठीपर्यंत आत जाते त्या मातीतच असं घर होतं, आणि बाहेर उणे तापमान असताना ते उबदारही राहतं. काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की हे खड्डे राहायचे नव्हतेच, धान्य साठवायचे होते. आम्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसांना पेव म्हटलं की ते लगेच पटतं. पण चुली आणि पायऱ्या पाहिल्या की मी पुन्हा घराच्या बाजूला झुकतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावातही घोड नदीच्या काठी पहिल्या वसाहतीत खड्ड्यातली घरं सापडली आहेत. ती बुर्झहोमपेक्षा बरीच नंतरची आणि उथळ. नातं जोडायचं नाही, पण बसमध्ये विषय काढायला तेवढं पुरतं.

या लोकांनी माणसाशेजारी कुत्र्यांनाही पुरलं. हरणांची शिंगंही पुरली. कणसं कापायची त्यांची भोकं पाडलेली दगडी पाती उत्तर चीनमधल्या पात्यांसारखी दिसतात. सिंधूच्या मैदानात ती रीत नव्हती. पण त्याच बुर्झहोमला मोठ्या शिंगांच्या देवाचं चित्र असलेलं मडकं मिळालं, ते मात्र सिंधूच्या मैदानाकडचं, आणि दुसऱ्या एका चाकावरच्या मडक्यात ९५० मणी, अकीक आणि तत्सम दगडांचे. चहूबाजूंनी डोंगर असलेलं खोरं बंद असतं असं आम्ही फळ्यावर शिकवत आलो. बुर्झहोमनं मला माझा फळा पुसायला लावला. खिंडीतून ये-जा होती, मात्र तिकडचे लोक दार आपल्या हाती ठेवत. अकराव्या शतकात अल-बिरूनी या विद्वानानं लिहून ठेवलंय की काश्मिरी लोक आपल्या वाटा डोळ्यांत तेल घालून राखतात.

आणि एक शिळा. तिच्यावर कोरलेले शिकारी, एक हरीण, एक कुत्रा, आणि वर आकाशात दोन तेजस्वी गोल. दोन सूर्य? मुंबईतल्या खगोलशास्त्रज्ञांनी, त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया होते, असं सुचवलं की दुसरा गोल म्हणजे आकाशात झालेला ताऱ्याचा स्फोट असेल आणि ते शिकारीचं नव्हे तर ताऱ्यांचं चित्र असेल. सगळ्यांना ते मान्य नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही. पण पर्यटकांपुढे वाद ठेवायला काय हरकत आहे? घोड्याच्या भावावरून आपण अर्धा तास वाद घालतोच की.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिथे गेलो तेव्हा उभ्या महापाषाणांशेजारी पोरं क्रिकेट खेळत होती. तिकीट नाही, गाइड नाही, दुकान नाही. एका म्हाताऱ्यानं "कहां से आए?" विचारलं, महाराष्ट्र म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, इधर तो कोई नहीं आता, सब गुलमर्ग जाते हैं. भारतानं २०१४ मध्ये ही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत घातली, आणि तुमच्या रंगीत पुस्तिकेत ती कुठेच नाही.

पुन्हा अवंतीपूरकडे येतो, कारण तिथे उतरायला ना वेगळी वाट लागते ना वेगळा दिवस. हे मंदिर रस्त्यापेक्षा खाली का दिसतं, हे आमच्यातल्या एकानं विचारलं होतं. उत्तर कुणाला येत नव्हतं. झेलमेच्या पुरानं आणलेल्या गाळात ते शतकानुशतकं बुडालं होतं, विसाव्या शतकात दयाराम साहनींनी ते खणून वर काढलं. आणि पूर हीच तर त्या राजाच्या राज्याची गोष्ट आहे. कल्हण सांगतो, झेलमेच्या पात्रात बारामुल्लाजवळ दरडी कोसळून पाणी तुंबलं, शेतं बुडाली, भाताचा भाव खारीला (हे धान्याचं जुनं माप) १०५० दिनारांवर गेला. तेव्हा सुय्य नावाचा एक जण म्हणाला, माझ्याकडे उपाय आहे, फक्त पैसे नाहीत. हा टाकून दिलेलं मूल होता, सुय्या नावाच्या चांडाळ स्त्रीनं सांभाळलेला, तिचंच नाव लावणारा. लोक त्याला वेडा म्हणत. राजानं खजिना उघडला. सुय्यानं नावेतून जाऊन ओंजळी भरभरून नाणी नदीत फेकली. भुकेले लोक नाण्यांसाठी पाण्यात उतरले, दगड उपसले, पात्र मोकळं झालं. मग त्यानं बांध घातले, कालवे नेले, नद्यांचे संगम हलवले. भाताचा भाव ३६ दिनारांवर आला. आजचं सोपोर म्हणजे त्याचं सुय्यपूर.

सप्टेंबर २०१४ मध्ये श्रीनगर बुडालं तेव्हाचे फोटो तुम्ही पाहिले असतील, तुमचे काही गटही तिथे अडकले असतील. परातीला एकच नळी आहे, बारामुल्लाची. ती अरुंद झाली की काय होतं, हे नवव्या शतकातल्या त्या वेड्याला कळलं होतं. अवंतीपूरच्या आवारात दगडावर बसून ही गोष्ट सांगायला बारा मिनिटं लागतात. मी दुसऱ्या खेपेला एका पंजाबी कुटुंबाला सांगितली, त्यांनी मला पराठा दिला.

मार्तंडाबद्दल थोडक्यात. ललितादित्य राजानं आठव्या शतकात मट्टनच्या करेवाच्या माथ्यावर हे सूर्यमंदिर बांधलं, भोवती ८४ खांबांची ओवरी. जागा बघितली की कळतं, पूर्ण खोरं पायाशी आणि सूर्याला आडवं काही नाही. पुष्कळ बस खाली मट्टनच्या कुंडापाशी मासे दाखवून निघून जातात. वरचं मंदिर का पडलं हे सांगताना काश्मीरच्या सुलतान सिकंदराचं नाव येणारच, ते घ्या. पण त्याच्या तीनशे वर्षं आधी हर्ष नावाच्या काश्मीरच्या हिंदू राजानं देवळं लुटायला स्वतंत्र अधिकारी नेमला होता आणि कल्हणानं त्याचं हुद्द्यासकट नाव लिहून ठेवलंय, तेही सांगा. अर्धं सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्या लोकांना याचं काय? तर ऐका. पांपोरजवळच्या खोनमोहचा बिल्हण कवी तिथून निघाला तो फिरत फिरत दख्खनेत, कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारात येऊन विद्यापती झाला. आपल्या काव्यात तो ऐटीत म्हणतो की कविता आणि केशर ही सख्खी भावंडं, शारदेच्या देशाबाहेर, म्हणजे काश्मीरबाहेर, उगवत नाहीत. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात संगीतरत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव, त्याचा आजा भास्कर काश्मीरहून आलेला. आणि आपले ज्ञानोबा? अमृतानुभवात त्यांनी शिवसूत्रांचा, म्हणजे काश्मिरी शैव मताच्या मूळ सूत्रांचा, नाव घेऊन हवाला दिला आहे. ती शिवसूत्रं नवव्या शतकात वसुगुप्त या आचार्याला जिथे मिळाली म्हणतात तो महादेव डोंगर शालीमारच्या मागे, हरवनच्या अंगाला उभा आहे. तुमच्या प्रत्येक बसमध्ये निदान दोन-चार वारकरी असतात. शालीमारच्या कारंज्यापाशी उभं राहून त्या डोंगराकडे बोट दाखवलंत तर ते हात जोडतील, आणि तुम्हाला डिझेलचा एक थेंब जास्त लागणार नाही.

मागणं एवढंच. शालीमारच्या दिवशी हरवन आणि बुर्झहोम जोडा. हरवनला बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. तिथल्या भाजक्या विटांच्या फरशीवर चंद्राकडे मान वळवून पाहणारं हरीण होतं आणि फरशा जुळवायला खरोष्ठी या जुन्या लिपीत आकडे घातलेले. त्यातल्या बऱ्याच आता श्रीनगरच्या श्री प्रताप सिंह (एसपीएस) संग्रहालयात आहेत, पाऊस पडून बर्फाचा कार्यक्रम रद्द झाला की लोकांना हॉटेलात पत्ते कुटायला लावण्यापेक्षा तिथे न्या. पहलगामच्या दिवशी अवंतीपूरला चाळीस मिनिटं आणि मार्तंडला एक तास. दुकानापाशी बस का थांबते हे मी विचारत नाही, तेही पोटाचं गणित आहे. त्या ऐंशी मिनिटांतली चाळीस फक्त द्या.

सुरक्षेचं मी विसरलेलो नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या बैसरनला दहशतवाद्यांच्या हल्ल्यात आपल्याकडची माणसं गेली. त्यानंतर कुणाला कुठे न्यायचं यावर तुमच्याइतका विचार माझ्यासारख्यानं केलेला नसणार. जिथे प्रशासन नको म्हणेल तिथे नकोच. माझी यादी नेहमीच्या रस्त्यांलगतची आहे ती म्हणूनच.

घाई एका कारणासाठी आहे. करेवा कापले जाताहेत. रेल्वेच्या भरावासाठी, रस्त्यांसाठी, वीटभट्ट्यांसाठी, घराच्या पायासाठी. दुसऱ्या खेपेला पांपोरच्या पुढे एक कडा मी पाहिला, थर इतके स्वच्छ की वर्गात तक्ता टांगावा तसा. खाली पोकलेन उभा होता आणि ट्रकची रांग. माती मऊ असल्याची किंमत करेवा अशी मोजतो. बघायला कुणी येत नाही त्या टेकाडाला तिथला शेतकरी किती दिवस राखेल? तुमच्या दहा बस रोज बुर्झहोमला थांबल्या तर चहाच्या चार टपऱ्या येतील, आणि चहावाल्याइतका पक्का राखणदार मी अजून पाहिलेला नाही.

टूर मॅनेजरांसाठी हे सगळं दोन पानांत लिहून द्यायला मी तयार आहे. मानधन नको, शुद्धलेखन मात्र मी तपासणार. येत्या एप्रिलमध्ये माझी धाकटी बहीण आणि तिच्या भिशीतल्या अकरा जणी काश्मीरला निघाल्यात. कुठली संस्था बरी म्हणून रोज फोन येतो. अवंतीपूरला खाली उतरवणारी कुठली ते कळवा, तिला तसं सांगतो.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा